मित्राला दिलेला पाटा

त्र्याण्णव साली मला कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि मी रंकाळ्याच्या मागं एका घरात खोली घेतली. घरमालकीण एकटीच राहायची. सगळे तिला काकी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. दोन महिन्यांत मला खोलीत जोडीदार मिळाला. तो गगनबावड्याकडचा, शिक्षकाचा अभ्यासक्रम करायला आलेला. मी बिद्रीजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. भाडं निम्मं-निम्मं ठरलं. झाडलोट आणि भांडी माझ्याकडं आली, स्वयंपाक त्याच्याकडं गेला, कारण मला चहासुद्धा धड जमत नव्हता.

हातात चव असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्याच्याइतका स्वयंपाकात रमणारा माणूस पाहिला नाही. रविवारी सकाळी तो खाटकाशी हुज्जत घालून मटण आणायचा. ते असायचं पाव किलोच, पण त्याला हवं तेच. मग कांदा आणि खोबरं स्टोव्हवर काळंभोर होईपर्यंत भाजायचा. काकींच्या परसात न्हाणीला लागून एक पाटा-वरवंटा होता, त्यावर तो मसाला वाटायला बसायचा. मी शेजारी बसून बडबड करायला लागलो की म्हणायचा, "गप की मर्दा. वाटताना बोललं की हाताला कळत न्हाय, कवा थांबायचं ते."

त्या रश्श्याचा वास काकींपर्यंत जायचा. त्या वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या. "बायकांनी हात टेकावं असं करतोस की रे पोरा!" त्याचे कान लाल व्हायचे आणि वाटीत दोन फोडी जास्त पडायच्या.

दिवाळीनंतर एकदा त्याचे वडील तांदळाचं पोतं घेऊन आले. तो घरी नव्हता, म्हणून ते ओट्यावर बसले. काकींनी त्यांना पाणी दिलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनावावरून समाधान होईना, तेव्हा सरळच विचारलं. त्या माणसानं तितक्याच सरळपणे सांगितलं, "आम्ही बौद्ध."

त्या संध्याकाळी काकींनी मला आत बोलावलं. दार अर्धवट लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू तरी सांगायचंस न्हाय व्हय? खोली सोडा म्हणत न्हाय मी. पण पाट्याला त्यानं हात लावू नये. तू वाटून घे, तुला कोण नको म्हणतंय?"

मी म्हणायला हवं होतं की काकी, तुम्ही पाच महिने त्याच्या हातचं खाल्लंय. म्हणायला हवं होतं की मग आम्ही दोघंही जातो. त्यातलं मी काही बोललो नाही. खोली स्वस्त होती, कचेरी जवळ होती, आणि मला भांडण नको होतं. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो.

खोलीत तो वडिलांनी आणलेला तांदूळ डब्यात भरत होता. मी जिन्यातच खोटं ठरवून टाकलं होतं. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की पाथरवट छिन्नीनं तो पुन्हा खरबरीत करून देतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. तेवढं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "अरे, काकी म्हणाल्या पाटा काही दिवस वापरू नका. टाकी लावायची झालीय."

तो माझ्याकडं बघत राहिला. ओंजळीतले तांदूळ डब्यात सोडले आणि म्हणाला, "व्हय? मग न्हाय वापरत."

एवढंच. तो सहज फसला, असं मी समजलो आणि सुटलो.

त्यानंतर काकी वाटी घेऊन आल्या नाहीत. मीही पाट्याला हात लावला नाही. तेवढं एक केलं, आणि त्यालाच बरीच वर्षं माझा चांगुलपणा समजत होतो. तो मसाला विकतचा आणू लागला. रस्सा पातळ लागायचा, पण मी "झकास झालाय" म्हणायचो. हळूहळू रविवारचं मटण बंद झालं. अभ्यास वाढलाय, असं तो म्हणाला. डाळ-भात आणि खर्डा यांवर आम्ही वर्ष काढलं. आम्ही क्रिकेटवर बोलायचो, घरच्यांवर बोलायचो, फक्त जेवणावर बोलत नव्हतो.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपला, उन्हाळ्यात तो पास झाला आणि त्याला गावाकडच्याच शाळेत नोकरी मिळाली. निघायला आठवडा राहिला, तेव्हा मला वाटलं की याला काहीतरी द्यायलाच हवं. त्या वर्षी बहिणीचं लग्न झालं होतं, हात आखडलेला होता. भांड्यांच्या दुकानांतून मी दोन संध्याकाळी हिंडलो. मिक्सरकडं नुसतं बघितलं. स्टीलचा मसाल्याचा डबा हातात घेतला, पण तसला त्याच्या आईकडं असणार. लोखंडी कढई आवडली, तर ती त्याच्याकडं होतीच. दुकानदार वैतागून म्हणाला, "पावणं, भांडं घ्यायला आलाय की बायको बघायला?"

परत येताना एकदम सुचलं. पाटा! खिशाला परवडणारा, आणि त्याला सगळ्यांत जास्त हवा असलेला. मनात आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा स्वतःशीसुद्धा नीट कबूल केली नाही. मला वाटलं, जे मला बोलता आलं नाही ते हा दगड बोलेल. तो समजून जाईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

पन्हाळ्याच्या रस्त्याला एक पाथरवट कुटुंब झोपडी टाकून बसलेलं असायचं. तिथल्या बाईंनी दहा पाटे दाखवले. मी एक निवडला, वरवंटा हातात बसतो का ते बघितलं, आणि पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून आणला. सायकल सारखी मागं ओढायची. घामाघूम झालो, पण अगदी खुशीत होतो.

त्यानं पोतं सोडलं.  मग तळहात दगडावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाला, "टाकी चांगली लावलीय."

मी हसलो. तोही हसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला गगनबावड्याच्या एसटीत बसवून दिलं. पाटा आम्ही दोघांनी मिळून सीटखाली सरकवला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग एक, मग एकही नाही. नोकरी, लग्न, मुलं या रगाड्यात मी त्याचं कारण शोधलं नाही.

अकरा वर्षांनी कचेरीच्या कामासाठी गगनबावड्याला गेलो. काम लवकर आटोपलं. पाऊस आणि धुकं असं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. चहाच्या टपरीवर त्याच्याबद्दल विचारलं, तर सगळेच गुरुजींना ओळखत होते. एका माणसानं मला दारापर्यंत सोडलं.

त्यानं लगेच ओळखलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. आत बघून त्यानं बायकोला हाक मारली, "पावणं आल्यात गं. च्या ठेव."

पावणं! आमच्याकडं अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात. मी ओशाळून खुर्चीवर बसलो.

वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "जेवूनच जावा की. भात झालाय, आमटी झालीय."

मी सकाळपासून उपाशी होतो. पण अचानक आलो, यांना त्रास नको, म्हणून तोंडातून निघून गेलं, "नको नको वहिनी, मी खाऊन आलोय."

तो बायकोकडं वळला आणि शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आग्रह करू नको."

त्या आवाजानं माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. त्या घरानं असली "नको नको" किती ऐकली असतील! मी उठून उभा राहिलो. "वहिनी, मी खोटं बोललो. मी काही खाल्लेलं नाही. भूक लागलीय. वाढा मला."

वहिनी हसल्या आणि ताट घ्यायला आत गेल्या. तो हसला नाही. मी जेवत असताना समोर बसून राहिला. आमटीला वाटलेल्या मसाल्याची चव होती. मी दुसऱ्यांदा भात घेतला आणि मग मान खाली घालूनच म्हणालो, "काकींच्या पाट्याचं मी तुला खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक हाय."

"कधी कळलं?"

"तू सांगितलंस तवाच. त्याच्या आधीच्याच आठवड्यात टाकी लावून घेतलती काकींनी. तू कचेरीत गेलतास. पाट्यातली कच निघावी म्हणून तांदूळ मीच वाटून काढलं त्यावर. आणि बाबांनी मला सगळं सांगितलंतं की. काकींनी काय विचारलं ते."

"मग बोलला का नाहीस?"

"मी का बोलू? काकींचं मला नवीन नव्हतं. तसली माणसं लहानपणापासनं बघितलेली. तू काय करतोस ते बघत होतो. म्हटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. वर्षभर बघितलं. शेवटी तू दगड आणलास."

 तो पुढं म्हणाला, त्यात राग नव्हता, आणि त्याचंच जास्त लागलं, "आपण दुसरी खोली बघितली असती की रे. लांबची बघितली असती. चालत गेलो असतो."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण "जाऊ दे" म्हणाला नाही. वहिनींनी ताक आणलं. मग आम्ही शाळेबद्दल, मुलांबद्दल, घाटातल्या रस्त्याबद्दल बोललो. निघताना त्यानं छत्री घेतली आणि स्टँडपर्यंत आला. माझ्या डोक्यावर छत्री धरताना त्याचा डावा खांदा भिजत होता, ते मला दिसत होतं.

त्यानंतर आम्ही तीन-चारदा भेटलो. मी त्याला सहकुटुंब घरी बोलावलं, तेव्हा ते आले आणि पोटभर जेवले. माझ्या मुलानं विचारलं, हे कोण? मी म्हणालो, माझा मित्र. त्यानं नुसता मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. वागण्याबोलण्यात तो कुठंही कमी पडत नाही. सणावाराला फोन केला तर उचलतो, सगळ्यांची चौकशी करतो. पण गेल्या इतक्या वर्षांत तो मला एकदाही "गप की मर्दा" म्हणालेला नाही. आणि रविवारी तुझ्या हातचं मटण खायला येऊ का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.