बोट ओढायची गाडी

मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये, असं आमच्याकडं म्हणतात. बसले तर नाव बुडते. का बुडते ते कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. माझा तर धंदाच नावेचा. पानशेतच्या पाण्यावर शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांना बोटीतून फिरवून आणायचं, हे मी दहा-बारा वर्षं करतो आहे. त्यामुळं इतक्या वर्षांत माझे सख्खे मामा माझ्या बोटीत एकदाही बसले नव्हते.

पण बोट पाण्यात सोडायची आणि वर ओढून घ्यायची, ती मामांनीच. पावसाळ्यात धंदा बंद, तेव्हा बोट वर आणावी लागते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं, तसतशी ती खाली न्यावी लागते. डोंगरावरच्या वस्तीवर मामांची मेंढरं, दोन म्हशी आणि एक ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरचा मूळ रंग कोणता हे आता कंपनीलाही सांगता येणार नाही. मी फोन केला की मामा तो घेऊन घाट उतरायचे, बोटीची ट्रॉली मागं अडकवायचे आणि गाळातनं सरळ वर आणून ठेवायचे. ट्रॅक्टरच्या खोक्यात दोन काळे दगड कायम असायचे. उतारावर गाडी मागं घसरू नये म्हणून चाकामागं दगड लावतात, त्याला आमच्याकडं उटी म्हणतात. हे दोन दगड बैलगाडीच्या काळापासूनचे, मामांच्या वडिलांनी निवडलेले. काम झालं की मामा काठावर बसून आईनं दिलेली भाकरी खायचे आणि मी पाण्यात चकरा मारत असलो की लांबून हात वर करायचे.

मग मला मोठी बोट घ्यायची हौस आली. जुनी सहा जणांची होती, ही चौदा जणांची, वर छप्पर, मागं दणकट इंजिन. जवळच्या एका रिसॉर्टवाल्यानं सांगितलं होतं, बोट चांगली असेल तर आमचे सगळे पाहुणे तुमच्याकडंच पाठवतो. एवढ्यावर मी आभाळात गेलो. काळा गॉगल घेतला. नावाखाली ‘प्रोप्रायटर’ असं छापलेली कार्डं करून आणली. आता हसू येतं, पण तेव्हा मी त्यातलं एक कार्ड आईलासुद्धा दिलं होतं.

बोट विकणाऱ्यानं फोनवर नीट समजावलं होतं. बोट, इंजिन, भरलेली टाकी आणि ट्रॉली, सगळ्यांचं वजन एकत्र धरा. त्याहून बरंच जास्त ओढू शकेल अशी गाडी बघा. आणि तुमचा उतार ओला, गाळाचा असेल तर चारही चाकांना जोर असलेलीच गाडी घ्या, दोन चाकांची उपयोगाची नाही. एवढं सगळं ऐकून माझ्या लक्षात राहिलं ते एकच, मोठी गाडी.

मामांना विचारलं तर म्हणाले, “ट्रॅक्टर हाय की. त्यो काय मेलाय का?”

“मामा, आता रिसॉर्टचे पाहुणे येणार. ते फोटो काढतात.”

“मंग काढू दे की. ट्रॅक्टर काय लाजतोय व्हय?”

ट्रॅक्टर लाजत नव्हता, मी लाजत होतो. पण हे मी बोललो नाही, आणि मामांनीही ताणलं नाही. गाडी बघायला येतो म्हणाले. मला त्यांना न्यायचं नव्हतं, पण नको कसं म्हणणार? नसरापूरवरनं हायवेला लागलो आणि सारोळ्याच्या अलीकडं जुन्या गाड्या विकणाऱ्याकडं गेलो. मामांच्या अंगात मेंढरांत वापरायचा शर्ट, खांद्यावर घोंगडी नव्हती एवढंच नशीब, असं मला वाटलं. हो, अगदी असंच वाटलं.

तिथं ती उभी होती. पांढरी, उंच, धुऊन पुसून चकचकीत केलेली. मागच्या दारावर चांदीच्या अक्षरांत ‘फोर बाय फोर’. मी चावी फिरवली, काच खालीवर केली, गाणी लावून बघितली. व्यापारी मला ‘सर’ म्हणत होता. तेवढ्यात मामा खाली बसले आणि बघता बघता त्या चकचकीत फरशीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय. टाचांना भेगा, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

खालून आवाज आला, “बैल घेताना दात बघत्यात, गाडी घेताना पोट बघावं. आरं, हितं ये. म्होरल्या चाकांकडं दांडाच जात न्हाई हिचा. निस्ती मागलीच दोन वढत्यात.”

व्यापाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मघापासून मी सर होतो आणि आता गाडीखालचा एक माणूस मला ‘आरं’ म्हणत होता.

“हे कोण, ड्रायव्हर का?” त्यानं विचारलं.

उत्तर एका शब्दाचं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, “हां, म्हणजे, आमच्याकडं कामाला असतात. जुना माणूस आहे, तोंडाला लगाम नाही.”

व्यापारी हसला. मीही हसलो. गाडीखालचे पाय क्षणभर हलायचे थांबले. मग मामा सावकाश बाहेर आले, उभे राहिले, पाठीची धूळ झटकली. माझ्याकडं बघून म्हणाले, “गाडी चांगली हाय, मालक. तुमच्या मनाला येतीय तर घ्या तुमी.”

लहानपणी ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून मेंढरांमागं फिरवलं, त्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा ‘तुमी’ म्हटलं. मला वाटलं, मस्करी करतायत. मस्करी नव्हती.

दारावरची अक्षरं कुणीतरी दुकानातनं आणून चिकटवलेली होती, हे मला नंतर भोरच्या मेकॅनिकनं सांगितलं. व्यापाऱ्यानं मला मामा बनवलं, आणि मी मामांना गडी. पण त्या दिवशी मी गाडी घेऊनच आलो. येताना मामा माझ्या शेजारी न बसता मागच्या सीटवर बसले, गुडघे जवळ घेऊन. पूर्ण घाट मी आरशात त्यांना बघत होतो आणि ते खिडकीतनं बाहेर. “मामा, तसं नव्हतं म्हणायचं मला,” एवढं वाक्य मी तोंडात किती वेळा घोळवलं असेल. वेल्हं गेलं, पाबे घाट गेला, घर आलं. आईनं विचारलं, “दादा जेवायला थांबला न्हाई?” मी म्हणालो, घाई होती त्यांना.

पुढचे दिवस तयारीत गेले. भोरला गाडीमागं जाड पट्टी वेल्ड करून हुक बसवला. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर गाडीला जोडून घेतली. टायर नवे घातले, ट्रॉलीच्या चाकांत ग्रीस भरलं, चौदा केशरी लाइफ जॅकेट आणली. मेकॅनिक म्हणाला, सुक्या रस्त्यावर ओढेल, ओल्या उतारावर जपा. मी म्हटलं, बघू. मी तर पाण्याच्या काठावरच धंदा करणारा माणूस. माझ्यासाठी सुका रस्ता कुठून येणार, हे मला तेव्हाही कळत होतं.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी मामांना बोलवावं लागलं नाही. तारीख आईकडनं कळली असावी, ते आपणहून ट्रॅक्टर घेऊन आले. रिसॉर्टवाला त्याचे आठ-दहा पाहुणे घेऊन येणार होता. मी मामांना म्हणालो, “ट्रॅक्टर जरा तिकडं बाभळीमागं लावा.” त्यांनी लावला. “उटी आणू का?” विचारलं. मी म्हणालो, “नको, हिला हँडब्रेक आहे.” ते परत बाभळीकडं गेले. ही सगळी वाक्यं मी स्वतःच्या तोंडानं बोललो आहे, कुणी माझ्यावर लादलेली नाहीत.

पाहुणे आले, फोनवर शूटिंग सुरू झालं. मी गॉगल लावून पांढरी गाडी उलटी उतारावर घेतली, मागं ट्रॉलीवर ती मोठी बोट. निम्म्यात गाळ लागला. मी ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण गाडी थांबेना. बोटीचं वजन आम्हाला सावकाश पाण्याकडं ओढत होतं. मी पुढचा गिअर टाकला, मागची दोन चाकं जागच्या जागी फिरली आणि पाहुण्यांच्या अंगावर चिखल उडाला. पुढची दोन्ही नुसती बघत होती. हँडब्रेक ओढला, तरी तेच. मला आरशात पाणी दिसत होतं, आणि त्याच आरशात पळत येणारे मामा दिसले. दोन्ही हातांत एकेक काळा दगड. नको म्हटलं तरी आणलेच होते. एक ट्रॉलीच्या या चाकामागं, एक त्या चाकामागं, आणि गाडी हबकून थांबली. ट्रॉलीची चाकं तेव्हा पाण्यात गेली होती.

मामांच्या अंगठ्याचं नख निघालं होतं. त्यांनी हात पायजम्याला पुसला आणि बाभळीकडं जाऊन ट्रॅक्टर आणला. माझी गाडी सोडवून वर काढली, ट्रॉली आपल्या मागं अडकवली आणि पाच मिनिटांत बोट अलगद पाण्यात सोडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांसाठी वाजवल्या, आणि ते बरोबरच होतं.

रिसॉर्टवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, “तुमचा माणूस हुशार आहे हो. सोडू नका याला.” मग त्यानं बोटीकडं बघितलं. “पण एवढ्या बोटीवर तुमच्या जोडीला दुसरं कोण? एकट्याच्या भरवशावर मी पाहुणे नाही बसवणार.”

मी सांगून ठेवलेला माणूस त्या दिवशी आला नव्हता. मी इकडंतिकडं बघायला लागलो.

“मग हे आहेत की,” तो म्हणाला. “यांनाच घ्या.”

आता मात्र सांगायलाच हवं होतं. त्यांना बोटीत घेता येत नाही, ते माझे मामा आहेत. बस, एवढंच. खरं सांगायला याहून सोपी जागा कुणाला मिळाली नसेल, रीतच माझ्या बाजूनं होती. मामा माझ्याकडं बघत उभे होते. वाट बघत होते, हे आज मला शंभर टक्के माहीत आहे. पण मामा म्हटलं की आधीचं सगळं उघडं पडणार होतं. रिसॉर्टवाला सारोळ्याच्या व्यापाऱ्याला ओळखतही नव्हता, तरी मला वाटलं याला सगळं कळेल. मी गॉगल काढला, काचा पुसल्या, परत घातला.

मामांनी चपला काढून काठावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. एक लाइफ जॅकेट उचललं, उलटं घातलं, एका पाहुणीनं ते सरळ करून दिलं. माझ्या जवळनं बोटीत चढताना ते हळू बोलले, फक्त मला ऐकू येईल असं.

“मामा-भाच्यानं बसू न्हाई नावंत. मालक-गड्याला काय बी व्हत न्हाई. चला.”

मी इंजिन चालू केलं. बोट मधोमध गेली, पाहुणे गाणी म्हणायला लागले. मामा मागच्या टोकाला पाठ करून बसले होते, दुखरा अंगठा मुठीत धरून. आणि मी चाक धरून मनात एकच म्हणत होतो, काहीतरी होऊ दे. वारा सुटू दे, इंजिन बंद पडू दे, थोडं पाणी तरी आत येऊ दे.

काही झालं नाही. बोट सरळ गेली आणि सरळ परत आली.