आईच्या नावाचा उपवास

तुमच्या मामाआजोबांचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, मेसेज तुम्हालाही आला म्हणे. येत्या पौर्णिमेला आमच्या आईला जाऊन वर्ष होतं, म्हणून त्या दिवशी देशातल्या आणि परदेशातल्या सगळ्या नातवंडा-पतवंडांनी तिच्या नावानं कडक उपवास धरायचा. कारण तुमची पणजी 'त्यागमूर्ती' होती. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्ताला जायची. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलं नाही. मेसेजच्या खाली तिचा फोटो आहे. मिश्री लावून लावून काळे झालेले तिचे दात स्टुडिओवाल्यानं पांढरे केले आहेत. जिवंतपणी ती एवढी बेचव कधी दिसली नव्हती.

पणजी खरंच इतकी देवभक्त होती का, असं तुम्ही विचारलंत. नव्हती. आई वाडीला जायची ती बासुंदीसाठी.

एसटीत तिला खिडकी लागायची. दुसऱ्या कुणी खिडकी धरलेली असली की, "पावणं, मला मळमळतंय," एवढं एकच वाक्य ती बोलायची. माणूस टुणकन उठायचा. मग चपला काढून, पाय वर घेऊन, आई पार वाडीपर्यंत लोकांचे ऊस बघत बसायची आणि कुणाचा पोसला नाही ते मला खुशीत सांगायची. तिथं पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत मी उभी. ती लांबूनच कळसाला हात जोडायची. "देवाला ठावं हाय मी आलीया," म्हणायची आणि थेट दुकानात. बासुंदीची वाटी दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून प्यायची. वाटीच्या कडेची साय बोटानं निपटायची. एका पावसाळ्यात नदीचं पाणी देवळात शिरल्याचं कळलं, तर तिनं शेजारणीला विचारलं, "दुकान उघडं असंल न्हवं?"

माझा भाऊ तिच्याबरोबर एकदाही आला नाही. घरी येणारे पेढे तेवढे खायचा. त्या पेढ्यांवरून त्याला आईची भक्ती कळली.

आणि उपवास! एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण आमच्या घरात आईला बघूनच पाठ झाली. सकाळी खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी रताळी. "उपासानं माझं डोकं धरतंय," असं वर तीच कण्हायची.

रविवारी भावाच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. तो सोफ्यावर बसून आईच्या वर्षश्राद्धाला छापायच्या स्मरणिकेचा मजकूर मोठ्यानं वाचत होता. स्वतःच लिहिलेलं एकेक वाक्य तो दोनदोनदा वाचत होता.

"आक्का, मग चार लोकांत काय सांगू? आमची आई बासुंदी प्यायला जायची?"

"व्हय. तसंच सांग."

"तुला इंग्रजी शिकवलं तिथंच चुकलं. देवाधर्माचं काही राहिलं नाही."

"वन्सं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," भावजय म्हणाली. सासू जिवंत असताना ही फ्रिजला कुलूप लावायची.

"असं म्हणजे कसं? तिला बासुंदी आवडायची, यात वाईट काय आहे?"

भावानं चष्मा पुसला आणि पुन्हा 'त्यागमूर्ती'पासून वाचायला सुरुवात केली.

असल्या माणसांना काही न मागणारी आई फार सोयीची असते. तिला काय दिलं, हे मग कुणी विचारत नाही. आमच्या आईला हवं ते ती मागायची, नाही दिलं तर उठून घ्यायची, आणि ते घेताना तिचा चेहरा असा फुलायचा की रांगेत ताटकळल्याचा माझा राग तिथंच विरायचा. ही बाई तुम्हाला ठाऊक असावी. पांढऱ्या दातांची दुसरी कुणी तरी आहे. तिला मी ओळखत नाही.

तेव्हा पौर्णिमेला उपवास धरू नका. तिकडे परदेशात बासुंदी मिळत नसेल तर दूध आटवा, भरपूर साखर घाला, आणि मामाआजोबांचा फोन आला तर तोंडात घास असतानाच उचला.