सरांची फाईल

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब उभी केली ती सरांनी. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली असिस्टंट होते. प्रोग्रॅम लिहायला मुलं जो एडिटर वापरायची, त्याच्या सेटिंगची एकच फाईल सरांनी सर्व्हरवर ठेवली होती. कुठल्याही मशीनवर बसा, अक्षरं मोठी, पडदा फिकट पिवळा. नवी फाईल उघडली की पहिल्या ओळीत सरांचा प्रश्न हजर: ‘हे कशासाठी लिहिताय?’ मुलं कंटाळायची. कुणी स्वतःची सेटिंग केलीच, तरी वरून सरांचीच लागू व्हायची.

मी एकदा विचारलं होतं, “सर, ज्याला नको असेल त्याला ही फाईल वगळू द्यायची का?”

“कशाला गो? सगळ्यांचे पडदे सारखे असले की दारातून मला कळतं, कोण कुठे अडलाय.”

आणि खरंच कळायचं. ते मुलाच्या मागे जाऊन उभे राहायचे, एका ओळीवर बोट ठेवायचे.

रिटायर झाल्यावर ते मुलीकडे पुण्याला गेले. लॅब माझ्याकडे आली. दोन वर्षं मी त्या फाईलला हात लावला नाही. तो प्रश्न पडद्यावर आला की सर आत्ताच चहाला गेलेत असं वाटायचं.

यंदा राजापूरहून एसटीने येणारी एक मुलगी माझ्याकडे आली. “मॅडम, पिवळ्या पडद्याने माझं डोकं दुखतं. घरी मी काळा ठेवते. इथे ठेवता येईल?”

बघते म्हटलं आणि आठवडाभर टाळलं. ती डोळे चोळत काम करायची. मला माझीच लाज वाटली. शेवटी सरांना फोन केला.

“अजून आहे ती फाईल?” ते हसले. “मला वाटलं, तू कधीच काढलीस. मी स्वतः घरी वापरत नाही ती. आता काळ्यावर पांढरंच दिसतं मला.” मग म्हणाले, “लॅबच्या खिडकीतून बंदर दिसतं ना अजून?”

“नवी इमारत झालीय सर. थोडंसं दिसतं.”

दुसऱ्या दिवशी मी मेनूत एक पर्याय टाकला. तो निवडला की एडिटर सर्व्हरवरची फाईल न वाचताच उघडतो आणि ज्याची त्याची सेटिंग घेतो. त्या मुलीने पडदा काळा केला आणि तासभर मान वर केली नाही. पंधरा दिवसांत जवळजवळ सगळे तोच पर्याय घेऊ लागले. आता दारात उभं राहिलं की वीस तऱ्हेचे पडदे दिसतात. कोण अडलंय ते मला जवळ जाऊन विचारावं लागतं.

मी फोन केल्यापासून सर दर रविवारी दुपारी फोन करायचे. गेल्या रविवारी आला नाही, म्हणून मीच लावला. त्यांच्या मुलीने उचलला.

“बाबा झोपलेत. हल्ली दुपारी बराच वेळ झोपतात. उठवू का?”

“नको,” मी म्हटलं. “झोपू दे त्यांना.”