झाकणातला बोल्ट

वच्छलाकाकूंना मी पहिल्यांदा गप्प झालेलं पाहिलं ते डिसेंबरातल्या एका मंगळवारी, आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. त्याआधीच्या दीड वर्षात त्या बाईचं तोंड बंद असलेलं मला आठवत नाही. पोळ्या लाटताना बोलायच्या, तांदूळ निवडताना बोलायच्या, कोणी ऐकायला नसेल तर गॅसच्या शेगडीशी बोलायच्या.

रिसोड तालुक्यातल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात त्या चौदा वर्षं स्वयंपाक करत होत्या. रिठद या आपल्या गावाहून पहिल्या काळीपिवळी जीपनं यायच्या, पदर खोचायच्या आणि आधी मोठा कुकर चढवायच्या. तो कुकर म्हणजे त्यांचा जीव. आम्हा बासष्ट मुलींचं वरण एका दमात व्हायचं त्यात. थंडीच्या दिवसांत त्याच्या बाजूचा कट्टा चांगला ऊबदार असायचा, म्हणून पहाटे अभ्यासाला आम्हाला काकू तिथंच बसवायच्या. "या वं पोरीहो, इथं बसा, गरम हाये," म्हणायच्या. चार-पाच जणी पुस्तकं घेऊन कुकरला जवळजवळ पाठ लावून बसायचो.

त्या वर्षी वरून आदेश आला, की स्वयंपाकघरातली जुनी भांडीकुंडी तपासा, वापरायला योग्य नाहीत ती काढून टाका, नवीन येतील. तपासायला वाशिमहून निकिता मॅडम आल्या. वयानं लहान, इंजिनिअर, हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. मला त्या दिवशी ताप होता म्हणून मी कॉलेजला गेले नव्हते. कट्ट्यावर शाल पांघरून बसले होते. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पातळ झालेले जर्मलचे गंज म्हणजे पातेली, कान तुटलेली कढई, तांबेरलेली चाळणी, अशा एकेका वस्तूवर निकिता मॅडम लाल फुली मारत होत्या आणि काकू मागंमागं भांडत होत्या. "ह्या कढईत का वाईट हाये? म्या रोज घासतो तिले." मॅडम हसत होत्या. आमच्या गृहपाल वैजयंती मॅडम यादी लिहून घेत होत्या.

मग कुकरची पाळी आली. काकू त्याच्यापुढं आडव्याच उभ्या राहिल्या. "याले हात नका लावू. नऊ वर्सं झाले, एक दिवस बिघडला नाही."

"पाहू तर द्या, काकू," म्हणत निकिता मॅडमनी झाकण उचललं, उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी झाकण हळूच ओट्यावर ठेवलं, अगदी झोपलेलं मूल ठेवावं तसं.

"इथं बोल्ट कोणी बसवला?"

शिट्टीच्या बाजूला एक अर्ध्या इंचाचा लोखंडी बोल्ट होता, खालून वॉशर लावून घट्ट आवळलेला. आम्ही तो रोज पाहायचो. मला वाटायचं कुकर तसाच असतो.

"इथं सेफ्टी व्हॉल्व्ह असतो," त्या म्हणाल्या. "शिट्टी चोंदली, की वाफ कोंडते. मग हा व्हॉल्व्ह वितळून उडतो आणि वाफ बाहेर जाते. इथं बोल्ट मारलाय. शिट्टी अडकली तर वाफेनं जायचं कुठून?"

त्यांनी शिट्टीच्या नळीत तार घातली. ती अर्ध्यावर अडली. जोर लावल्यावर डाळीच्या सालांचा काळा, दगडासारखा गोळा बाहेर पडला. मग त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबल्या. "झाकण अडकवायचा हा कान बघा. वाकलाय. आतून जोर बसल्याशिवाय इतका जाड कान वाकत नाही."

काकूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. दिवाळीपासून झाकण नीट बसत नव्हतं, हे मलाही माहीत होतं. त्या रोज बत्त्यानं ठोकून ते बसवायच्या.

वैजयंती मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. वसतिगृहातली बारीकसारीक दुरुस्ती चौकीदार दौलतसिंग करायचे, म्हणून त्यांना हाक मारली. "दौलतसिंग, हे तुमचं काम का? साठ लेकरं राहतात इथं!"

दौलतसिंग दारातच उभे राहिले. त्यांनी झाकणाकडं पाहिलं, मग काकूंकडं. "मॅडम, म्या त्या कुकरले कधी हात नाही लावला."

"मग कोणी? आपोआप उगवला का तो?"

मॅडम दौलतसिंगांना आणखी काही बोलणार, तेवढ्यात काकू फरशीवर बसल्या.

"त्यायले नका बोलू," त्या म्हणाल्या. "आमच्या घरच्यायनं बसोला. मीच झाकन घेऊन गेल्ती."

त्यांचे यजमान शेषराव. रिठदच्या थांब्याजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. फवारणीचे पंप, वखर, पत्र्याची दारं, पडेल ते काम करतात. नऊ वर्षांपूर्वी एकदा कुकरमधलं पाणी आटलं, तो व्हॉल्व्ह वितळून उडाला आणि भोकातून वाफ यायला लागली. तेव्हाच्या गृहपाल मॅडम म्हणाल्या, सध्या भागवून घ्या. काकूंनी झाकण पोत्यात घालून घरी नेलं. शेषरावांनी भोक बुजवून दिलं. दुसऱ्या दिवशी वरण शिजलं. "आमच्या घरच्यायच्या हातात कला हाये," असं काकू कितीतरी वेळा आम्हाला सांगायच्या.

निकिता मॅडमनी कुकरवर मोठी लाल फुली मारली. काकू उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवायला लागल्या. गाल, कपाळ, डोळे. हात थंडगार होते. त्या काही बोलत नव्हत्या. मीच रडायला लागले.

त्या दिवशी घरी काय झालं ते काकूंनी मला नंतर सांगितलं.

त्यांनी तो बोल्ट काढून मागून घेतला होता. दुकानात जाऊन शेषरावांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. शेषराव आधी हसले. "नऊ वर्सं झाले. काही झालं का?" मग काकूंनी वाकलेल्या कानाचं सांगितलं. शेषरावांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मले वाटलं, ते भोक कंपनीचंच खराब हाये," म्हणाले. "लीक होऊन राह्यलं म्हनून बुजोलं."

त्यांनी बोल्ट उचलून हातात फिरवून पाहिला. काकूंना वाटलं त्यांना वाईट वाटतंय. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दुसरंच होतं.

"काय झालं?"

"म्या अजून बसोले," शेषराव म्हणाले.

"काय?"

"असे बोल्ट. लोकायच्या घरच्या कुकरले. त्यायच्यातला एक आपल्या समीक्षाच्या."

समीक्षा त्यांची मुलगी, मेडशीला दिलेली. काकूंनी तिथंच दुकानात फोन लावला. दिवस मावळायला होता, स्वयंपाकाची वेळ. समीक्षानं फोन उचलला.

"कुकर लावला का वं?"

"हो. काहून? कवापासून लावला, पन शिट्टीच होऊन नाही राह्यली. मी तेच पाहून राह्यली."

काकू म्हणाल्या, "माह्या कानात तवा नुसती घंटी वाजत होती पोरी." पण आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, "पाहू नको. गॅस बंद कर. कुकरले हात लावू नको, झाकनाले तर लावूच नको. लेकराले घे आन आंगनात ये."

"आई, काय झालं?"

"आंगनात ये म्हनतो ना!"

फोन चालू ठेवून दोघं दुकानात उभे राहिले. शेषरावांनी भिंतीला हात टेकला होता. पलीकडून नातीचं रडणं ऐकू येत होतं, कोणाची तरी गाय हंबरत होती. कुकर थंड झाला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेषराव मोटरसायकलनं मेडशीला गेले आणि झाकण उघडलं, तर शिट्टीची नळी पार बंद होती.

त्यानंतर ते रिठदमधली तीन घरं फिरले. एका घरी लोकांनी चहा दिला, एका घरी शिव्या. तिन्ही झाकणं घेऊन आले आणि रिसोडहून नवे व्हॉल्व्ह आणून बसवून दिले.

इकडे वसतिगृहात पंधरा दिवसांनी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. निर्लेखन झालं होतं, म्हणजे त्या वस्तू सरकारी नोंदवहीतून उतरल्या होत्या. सगळी भांडी त्यानं भराभर टेम्पोत टाकली, पण कुकर मात्र अलगद बाजूला ठेवला.

"तो काहून तिकडं ठेवला?" काकूंनी विचारलं.

"चांगला हाये बाई. लग्नाच्या सैपाकवाल्याले देतो. एक बोल्ट मारला की चालते."

आम्ही सगळ्याजणी जेवायला बसलो होतो. काकू हातातली पळी टाकून बाहेर धावल्या आणि टेम्पोच्या पुढं उभ्या राहिल्या. "हा असा नाही जात. आधी मले उडव, मंग ने."

भंगारवाल्याला काहीच कळेना. वैजयंती मॅडम बाहेर आल्या, कागद पाहिला. निकिता मॅडमनी यादीच्या खाली लिहून ठेवलं होतं: कुकर तोडूनच द्यावा. काकूंनी शेषरावांना फोन केला.

अर्ध्या तासात ते ग्राइंडर घेऊन आले. आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. किरकोळ माणूस, खाली मान. आमच्याकडं न पाहता त्यांनी अंगणात वायर ओढली आणि कुकर कापायला घेतला. कानठळ्या बसवणारा आवाज, ठिणग्या. भांड्याचे दोन तुकडे झाले, झाकणाचे चार. मशीन बंद केल्यावर ते तसेच उकिडवे बसून राहिले. मग आमच्याकडं पाहून म्हणाले, "पोरीहो, मले मालूम नोतं."

काकूंनी त्यांना पाणी आणून दिलं.

नवीन कुकर आला, त्याला दोन-दोन व्हॉल्व्ह होते. तरी महिनाभर काकूंनी वरण उघड्या गंजातच शिजवलं. आणि त्या थंडीत आम्हाला कोणालाच कट्ट्यावर बसू दिलं नाही. कोणी दारात दिसलं तरी ओरडून हाकलायच्या.

आता मी नर्सिंगला आहे. मागच्या महिन्यात रिठदला काकूंना भेटायला गेले, तर शेषराव दुकानात नव्हते. जऊळक्याच्या आठवडी बाजारात गेले होते.

"दर बाजाराले जातात," काकू म्हणाल्या. "एक बाई होती. चार-पाच वर्सं झाले, एस्टीची वाट पाहून राह्यल्ती थांब्यावर. पिशवीत कुकर होता. यायनं उभ्याउभ्या बोल्ट मारून देल्ला. जऊळक्याची हाये इतकंच म्हने. ना नाव इचारलं, ना घर."

"सापडली का?"

"नाही वं. येईल त्या बाईले इचारतात, तुमच्या कुकरले बोल्ट हाये का. लोकं हासतात त्यायले."

त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि रस्त्याकडं पाहत बसल्या.

"रोज सकाळी अन् संध्याकाळी," त्या म्हणाल्या, "ते बाई सैपाक करत असंन."