नानांच्या पायाचा अंगठा

आमच्या नानांनी कुणाला कधी पाया पडू दिलं नाही. समोरचा माणूस कमरेतून वाकायला लागला, की नाना मागच्या खोलीत पोचलेले असायचे. वय सत्तरीकडं झुकलेलं, पण त्या क्षणापुरती त्यांना हरणाची चपळाई यायची. एकदा ते सोफ्यावर बसल्या बसल्या असे मागं सरकले, की सोफा भिंतीत शिरला. तिथला पडलेला गिलावा मी स्वतः पाहिलाय. "पाया कशाला पडतो लेका? लांबून रामराम कर. देवाला बी तेवढाच पुरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यामुळं गारखेड्याच्या आमच्या कॉलनीत नानांचं मोठं नाव झालं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला साहेब, पैठणकडं मोसंबीची बाग, आणि अहंकार म्हणून नाही! एका गणपतीत तर त्यांना विनम्रतेवर भाषण द्यायला बोलावलं. नाना इतका वेळ बोलले, की मोदक शिळे झाले. शेवटी सत्काराला आलेल्या पोरी पाया पडायला वाकल्या, तेव्हा नाना मंचावरून मागच्या मागं उतरून पसार. त्या टाळ्या खुलताबादेपर्यंत ऐकू गेल्या म्हणतात.

खरं कारण नाना, नानी आणि मी, म्हणजे त्यांचा पुतण्या, एवढ्यांनाच ठाऊक होतं; पोटच्या पोराला, सचिनलासुद्धा, पत्ता नव्हता. नानांच्या उजव्या अंगठ्याचं नख कडेनं मांसात रुतलं होतं. तिथं कुणाचं बोट लागलं, की नानांना दिवसा चांदण्या दिसायच्या.

दुखणं त्यांनी स्वतःच्या हातानं पैदा केलेलं. बूट एक नंबर कमीच घ्यायचा, ही त्यांची निष्ठा. पैठण गेटच्या दुकानदारानं ऐसपैस बूट पुढं केला, की म्हणायचे, "पाय आन् माणूस, दोन्ही आवळून ठेवावेत. ढिले सोडले की पसरतात." नखं कापायची ती ब्लेडनं, कोपरे खोल कोरून. नख सरळ कापावं असं कुणी सुचवलं, की ते सुचवणाऱ्याच्या पायांकडं दयेनं बघायचे.

औषधंही घरचीच. नखुरड्यावर घालतात तशी लिंबाची टोपी अंगठ्यावर चढवून नाना दार लावून बातम्या बघत बसायचे. हळद झाली, तेल झालं. मग नानीनं बिब्ब्याचा चटका सांगितला. त्या सकाळी नानांनी जी आरोळी ठोकली, तिनं मकबऱ्याच्या मिनारावरची कबुतरं उडाली ती थेट दौलताबादला जाऊन बसली. अंगठा मात्र मोसंबीएवढा झाला.

अशातच नानांच्या सचिनचं लग्न झालं. शुभांगी त्यानं स्वतः पसंत केलेली, जातीबाहेरची. नानांनी होकाराला थोडे दिवस लावले. माप ओलांडून पोरगी आत आली, सगळ्यांच्या पाया पडत नानांपाशी पोचली. तिनं हात पुढं केला आणि नानांनी पाय असा खेचला, की तिचा तळहात फरशीवर आपटला. ती पुन्हा वाकली. नानांनी दोन्ही पाय वर घेऊन मांडीच घातली. "राहू दे पोरी, राहू दे." पाहुण्यांनी कौतुकानं माना हलवल्या. शुभांगीचा चेहरा तेवढा उतरला.

पुढं एकदा चहाच्या टपरीवर सचिन मला म्हणाला, "वाळूजकडं भाड्यानं घर बघतोय. शुभांगी म्हणती, ज्यांना माझा हात पायाला लागलेला चालत नाय, त्यांच्या ताटात मी कसं वाढू?"

मी तडक नानांकडं गेलो. "नाना, तिला सांगून टाका, नखाचं दुखणंय म्हणून."

"मरेस्तोवर नाय. भाषण दिलंय मी विनम्रतेवर."

"मग पोरगं-सून चालले घर सोडून."

नानांनी बूट उचलून कपाटावर टाकला. मग म्हणाले, "असल्या दुखण्याचा डॉक्टर कुठं बसतो?"

डॉक्टर निघाली बाई, वयानं लहान. आधी तिनं साखर तपासली, मग अंगठा. "सुरुवातीला आला असता, तर कोमट पाण्यात पाय, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात आणि सैल चप्पल, एवढ्यावर भागलं असतं. आता पू झालाय. भूल देऊन कडेची पट्टी काढू आणि तिच्या मुळाला औषध लावू. ती कड सहसा परत वाढत नाही."

"पट्टी कशाला, अख्खं नख उपटा," नाना शूरपणे म्हणाले.

"बांधावरच्या हरळीसाठी कुणी सगळं शेत नांगरतं का, काका?"

नानांनी पाय पुढं केला. भुलीची सुई दिसताच ते जे ओरडले, त्याबद्दल मी लिहिणार नाही. मकबऱ्यावर आता कबुतरं उरली नाहीत.

पुढचे काही दिवस रोज कोमट पाण्यात पाय आणि मग मलमपट्टी. नानीला गुडघ्यांमुळं खाली बसवेना, सचिन कंपनीत, आणि मला नेमकं फर्दापूरला काम निघालं. ते काम काय होतं, हे मला अजून आठवत नाही. राहिली शुभांगी. पुढचं नानीनं मला सांगितलं. पोरीनं पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि बघतच राहिली.

"नाना, हे कधीपासून?"

"तू यायच्या लई आधीपासून."

"म्हणजे त्या दिवशी..."

"तुझा हात लई जोरात येत होता, पोरी."

ती इतकी हसली, म्हणे, की पाण्याचं घमेलं लवंडलं. वाळूजच्या घराला सचिननं त्याच आठवड्यात नाही कळवलं.

नाना आता नाहीत. हृदयविकारानं गेले, अंगठा शेवटपर्यंत ठणठणीत होता. मला आठवतो तो जखम भरल्यानंतरचा दिवाळीचा पाडवा. नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, दोन्ही पाय पुढं पसरून बसले आणि त्यांनी शुभांगीला हाक मारली. "ये पोरी. आता पड पाया. पाहिजे तेवढा जोर लाव."

ती स्वयंपाकघरातून मेथीची जुडी घेऊन आली. "रोज पाय मांडीवर घेऊन बसत होते, तेव्हा काय राहिलं पडायचं? रिकामे बसलाय तर एवढी निवडून द्या." जुडी त्यांच्या मांडीवर टाकून ती परत आत गेली.

नानांनी जन्मात भाजीला हात लावला नव्हता. त्यांनी एक काडी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि आत आवाज दिला, "शुभांगी, कवळे देठ ठेवायचे का काढायचे?"