मावशीचा अंदाज

आमच्या बाबांना शंकरपटाचं वेड होतं. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत कोणती जोडी पुढे येणार, हे ते आधीच सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरे. बैल पळताना ते बघतच नसत; पटाआधी पाणी पाजायला नेताना बघत. खूर कसा पडतो, अंग कुठे झुकतं, एवढंच. मी त्यांचं बोट धरून उभी असे, म्हणून ही खोड मलाही लागली. मी ती पोरींच्या बास्केटबॉलवर वापरते. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी मराठी शिकवते, या खेळाचे नियम मला आजही धड कळत नाहीत. पण मॅचआधी पोरी नळावर बाटल्या भरायला जातात, तेव्हा मी त्यांची चाल न्याहाळते आणि स्टाफरूममध्ये येऊन निकाल जाहीर करते. अंदाज कधी चुकला नव्हता. त्यामुळे जरा शेफारलेच होते मी.

यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आमच्याच मैदानावर होती, समोर बल्लारपूरचा संघ. आमची कॅप्टन म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण मुलचेऱ्याकडच्या खेड्यात राहते, म्हणून पोरगी शिकायला माझ्याकडे. सेमीफायनलच्या आधीच मी स्टाफरूममध्ये सांगून मोकळी झाले होते, यंदा कप आपलाच. "मॅडम, लेखी देता का?" असं कुणीतरी चिडवलं, तर म्हटलं, "आणा कागद!"

सेमीफायनल आम्ही जिंकलो, पण त्यात पोरगी रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेताना वाकडी पडली. घरी येऊन तिने गुडघ्याला हळद लावली आणि "काई नाई झालं, मावशी" म्हणत झोपून गेली. सकाळी अंगणातल्या नळावरून ती बादली घेऊन येत होती. पायरी चढताना उजवं पाऊल ती आडवं टाकत होती. मला आणखी काही बघायची गरजच नव्हती. असा बैल दिसला की बाबा सरळ त्याच्या मालकाकडे जात आणि सांगत, "आज जुंपू नको, भाऊ." तीच जोडी येणार असं स्वतः गावभर सांगून ठेवलेलं असलं, तरी सांगत. मग लोक त्यांची टर उडवत आणि बाबा निवांत तंबाखू मळत बसत.

मी चहा गाळत होते. ती येऊन ओट्याला टेकली.

"मावशी, कोच सर म्हणतेत, उद्या खेळाचं का नाई ते तूच ठरव. तू सांग, आपण जिंकू का?"

"दुखते का?"

"थोडंसं. पण तू जिंकू म्हणशीन, त खेळीन."

मला स्टाफरूम दिसली. तो लेखी मागणाराही दिसला.

"जिंकू ना," मी म्हटलं. "कप आपलाच हाय."

तिचा चेहरा असा खुलला की मलाही वाटलं, पोरीला धीर दिला आपण. त्यात धीर किती होता आणि माझा तोरा किती, हे मी त्यानंतर कितीदा तरी तपासून पाहिलं आहे. दर वेळी माझीच लाज वाटते.

फायनल दुपारीच ठेवली होती, कारण बल्लारपूरच्या पोरींना अंधार पडायच्या आत जंगलातला रस्ता पार करायचा होता. मैदानापलीकडे धानाची कापणी चालली होती. तिथल्या बायाही विळे हातात घेऊन कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पोरगी पहिली दोन क्वार्टर अशी खेळली की मी मनाशी म्हणू लागले, चुकलं असेल माझं पाहणं. आपण चुकावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती बास्केटखाली उडाली, खाली आली आणि उठलीच नाही. दोघी मैत्रिणींनी तिला उचलून बाहेर आणलं. त्यानंतर आमच्या संघाचं काही खरं नव्हतं, आम्ही चांगल्याच फरकाने हरलो. "मॅडम, पहिल्यांदाच चुकलात," कुणीतरी मागून म्हणालं. मीही हसले.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन करावं लागेल आणि वर्षभर उडी मारायची नाही. विद्यापीठाच्या संघाची निवड पुढच्याच आठवड्यात होती, आणि तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. तीन वर्षं ती त्या निवडीसाठीच पहाटे उठून धावली होती. बहिणीने फोनवर मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू हायेस म्हणून मले घोर नाई."

ऑपरेशन होऊन ती घरी आली. उशीवर पाय ठेवून पडली होती. मी खिचडीची वाटी घेऊन गेले. आज सांगायचंच, असं ठरवूनच गेले होते. पण तीच आधी बोलली.

"मावशी, राग नको धरू. तुहा अंदाज कधी चुकत नोहता. माह्यामुळं चुकला. कॉलेजात सारे हासले असतीन ना तुले?"

वाटी तिच्या हातात दिली आणि खाटेच्या कडेवर बसले.

"नाई चुकला," मी म्हटलं. "नळावरून पाणी आणत होतीस, तवाच मले दिसलं होतं. तुहा पाय टिकणार नाई, आपण हरू, सारं दिसलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सारे हासतीन म्हणून."

तिने वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता ती कुबडी घेऊन घरभर फिरते. माझ्याशी बोलते, चहाही करून देते. पण परवा डॉक्टरांनी पायावर भार द्यायला सांगितलं, तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, तू जराशी बाहेर थांब. मी चालून पाह्यतो."