मामांच्या स्कूटरची मागची सीट

अख्ख्या नाशिक शहरात पुढाऱ्यांविषयी सगळ्यांत कमी वाईट बोललं जातं अशी गल्ली कोणती, असं कोणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून आमच्या गल्लीचं नाव सांगेन. अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडे जी बैठ्या घरांची कॉलनी आहे, तिच्यातली ही गल्ली. आमच्या वाट्याला आलेले पुढारी फार सज्जन होते किंवा आमचे शेजारी फार सोशिक होते, असं मुळीच नाही. कारण एवढंच की त्या गल्लीत माझ्या आत्याचे यजमान राहत. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. तर या मामांचा आयुष्यात एकच दंडक होता. ज्याच्याविषयी जे मत असेल ते त्याच्या तोंडावर सांगायचं. पाठीमागे दिलेलं मत त्यांच्या लेखी मतच नव्हतं, ती चहाडी होती. हा दंडक त्यांनी स्वतःपुरता पाळला असता तर चारचौघांत त्यांना नुसता मान मिळाला असता. पण ओट्यावर बसून कोणी नगरसेवकाला, आमदाराला किंवा थेट मंत्र्याला नावं ठेवू लागला की मामा त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेत, आत जाऊन किल्ली आणत, स्कूटर एका अंगावर कलती करून किक मारत आणि म्हणत, "बसा. सांगून येऊ."

मामा कारखान्यात टर्नर होते आणि हा विचार ते लेथ मशीनवरच शिकले होते. "माल चुकला तर आपण ज्यानं केला त्याच्या मशीनपाशी जाऊन सांगतो. कॅन्टीनमधी बसून बोललं तर माल सुधरतो का?" असं ते विचारत, आणि या प्रश्नाला उत्तर असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मागच्या सीटवर बसून जाणाऱ्यांचे चेहरे मात्र पाहण्यासारखे असत. ओट्यावर वाघ असलेला माणूस पहिल्या चौकात गप्प व्हायचा, दुसऱ्या चौकात त्याला घरचं काहीतरी काम आठवायचं, आणि पुढाऱ्याच्या दारात पोचेपर्यंत त्याचं मूळ मत इतकं मऊ झालेलं असायचं की ते लग्नाच्या आशीर्वादात खपून गेलं असतं. मामा कौतुकालाही तोच नियम लावत. एकदा कोणी म्हणालं की यंदा रस्ता बरा केला हो, तर त्यालाही भर उन्हात घेऊन गेले. शिव्या तेवढ्या पोचवायच्या आणि शाबासकी वाटेत सांडायची, हे त्यांना पटत नसे. त्यामुळे मामा बाहेर आले की ओट्यावरचं राजकारण थांबून क्रिकेट सुरू व्हायचं. क्रिकेटपटूंच्या घरापर्यंत मामांची स्कूटर पोचत नव्हती.

मी बारावीनंतर विंचूरजवळच्या आमच्या गावाहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मामांनी दोन खोल्यांच्या घरातली खिडकीजवळची जागा मला दिली, कारखान्यातल्या सुताराकडून एक टेबल करून घेतलं आणि त्याचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. परीक्षेच्या दिवसांत मी मोठ्याने पाठांतर करायचो. एकदा एका राजाच्या पराभवाची कारणं पाठ करत होतो. त्याचा हट्टीपणा, त्याची उधळपट्टी, असं चाललं होतं. मामा दाराशी थांबले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तो मेलाय म्हणून तुझं बरं चाललंय."

मी राहायला आलो त्याच वर्षी पावसाळा सरता सरता सुरतेला प्लेग आल्याची बातमी आली. सुरत आम्हाला काही परकी नाही. सापुताऱ्याचा घाट उतरला की झालं. दोन दिवसांत गल्लीतल्या प्रत्येकाच्या नाकावर रुमाल बसला आणि औषधाच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. आमचे नगरसेवक तेव्हा नवेच निवडून आले होते. ते दार लावून घरात बसलेत, असं समोरच्या अण्णांनी जाहीर केलं. अण्णांचं नाशिकच्याच द्वारका चौकात टायरचं दुकान होतं आणि त्यांचा आवाज ट्रकच्या गर्दीत कमावलेला होता. अशा पुढाऱ्याला गाढवावर बसवून गावभर फिरवला पाहिजे, इथपर्यंत ते आले, तेव्हा मामा किल्ली आणायला उठले होते.

या नगरसेवकांना सगळे साहेब म्हणत. ते मूळचे आमच्याच गावचे, म्हणजे आत्याच्या माहेरचे. त्यामुळे गावच्या नात्याने मामा त्यांचे दाजी. गावचा जावई दारात आला तर त्याला बसायला खुर्ची आणि हातात चहा द्यावाच लागतो, मग तो काहीही बोलो. मामांच्या परखडपणाला या नात्याचं मोठं पाठबळ होतं, हे कबूल केलं पाहिजे. पण या नात्याची दुसरी बाजूही ते कडकपणे सांभाळत. सासरवाडीच्या माणसाचा पाहुणचार घ्यावा, उपकार घेऊ नये, असं ते म्हणत. साहेबांच्या घरी ते शेकडो वेळा गेले असतील, पण नळाच्या कनेक्शनसाठी किंवा कोणाच्या दाखल्यासाठी कधी गेले नाहीत. ते फक्त मतं घेऊन जात.

तर त्या दिवशी साहेबांचं दार खरंच बंद होतं. साहेब खिडकीत आले, तेही गजांपासून हातभर लांब, आणि म्हणाले, "दाजी, तिथूनच बोला. वारा इकडचा हाय." मामांनी अण्णांना पुढे केलं. अण्णांनी रुमाल सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाले की साहेब, तब्येत विचारायला आलो होतो, जपून राहा. मग मामांनी आपलं मत दिलं. गटारींवर पावडर मारायला माणसं पाठवा आणि त्यांच्या मागे तुम्ही स्वतः उभे राहा. रुमाल बांधून राहा, पण राहा. परत आल्यावर ओट्यावरच्या मंडळींनी उत्सुकतेने विचारलं, तेव्हा मामांनी गंभीरपणे सांगितलं की साहेबांनी तब्येत सांभाळावी असं अण्णांचं मत आहे. पुढे कित्येक महिने अण्णा टायरखेरीज कशावर बोलले नाहीत. साहेब मात्र दुसऱ्या दिवशी खरोखर आले. रुमाल डोळ्यांपर्यंत बांधलेला होता, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतली कुत्री त्यांच्यावर भुंकत होती, पण ते गटारीपाशी उभे राहिले. आणि मामा त्याच संध्याकाळी अण्णांना स्कूटरवर घालून शाबासकी पोचवून आले.

यानंतर बरीच वर्षं गेली. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, साहेबांनी काढलेल्या शाळेत शिक्षक झालो. माझ्या वडिलांनी गावाकडून येऊन साहेबांना हात जोडले म्हणून ती जागा मिळाली, पण ती कायम नव्हती. कायम करण्याची ऑर्डर संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे साहेबांच्या सहीने निघायची. वडील दर आठवड्याला फोन करून आधी पाऊसपाण्याचं आणि मग ऑर्डरचं विचारत. त्यांनी पोराला शिकवलं याचा पुरावा त्या एका कागदात अडकला होता.

अशात दोन हजार नऊ साली स्वाइन फ्लू आला. पुण्याच्या बातम्या येऊ लागल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या, लोक कापूर आणि वेलचीची पुरचुंडी हुंगत फिरू लागले. सरकारविषयी मतांना तर नुसता पूर आला. अण्णा आता म्हातारे झाले होते, पण आवाज तसाच होता. सोमवारी ते म्हणाले की सरकार खरे आकडे दडवतंय. मंगळवारी म्हणाले की सरकार उगाच लोकांना घाबरवतंय. मामांनी दोन्ही मतं नीट ऐकली आणि पालकमंत्री आले होते तेव्हा अण्णांना विश्रामगृहावर नेलं. तिथे फाटकावर हवालदाराने अडवलं, तर मामा त्याला म्हणाले, "मग तुम्ही सांगा त्यांना. मतं दोन हायती, उलटसुलट हायती, दोन्ही यांचीच." हवालदाराने अण्णांना बसायला स्टूल दिलं.

विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि साहेबांना तिकीट हवं होतं. त्यांनी मोठा मास्कवाटप समारंभ ठरवला. मैदानात मांडव, पक्षाचे वरचे पाहुणे, पाच हजार माणसं, आणि स्वागतगीताला आमच्या शाळेची मुलं. मुलांना आणण्याचं काम माझ्याकडे आलं. रात्री जेवताना मी आत्याला म्हणालो की गर्दी नको म्हणून शाळा बंद आहे आणि त्याच मुलांना गर्दीत नेऊन उभं करायचंय, याला काय म्हणावं? बोलून गेलो आणि जीभ चावली. मामांचा भाकरी मोडणारा हात थांबला. मी किल्लीची वाट पाहत होतो. पण मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आत्याला म्हणाले, "आमटी वाढ," आणि मग गावाकडच्या कांद्याविषयी काहीतरी बोलत राहिले. इतक्या वर्षांत एखादं मत त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, ते तेवढंच.

सकाळी स्कूटर कलती केल्याचा आवाज आला. मी बाहेर गेलो, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच निघाले होते. कुठे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "माझं एक मत हाय, सांगून येतो. तू घरात बस, मास्तर. तुझं काय मत नाय." मला वडिलांचा फोन आठवला. पाचवीच्या वर्गातली मुलंही आठवली, आणि त्यांना रांगेत उभं करून मीच पेटीवर सूर धरणार होतो हेही आठवलं. मी मागच्या सीटवर बसलो. मामा उतर म्हणाले. मी उतरलो नाही. थोडा वेळ आम्ही दोघे चालू स्कूटरवर गल्लीतच उभे होतो आणि अण्णा ओट्यावरून हा चमत्कार बघत होते. मागे बसवताना माणसं पळतात हे त्यांना माहीत होतं. मागून उतरायला तयार नाही, असा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

साहेबांनी गॅलरीतूनच आम्हाला येताना पाहिलं. चहा आला. मामा म्हणाले, "मास्क वाटायला गर्दी गोळा करताय तुम्ही. सर्दीचं औषध वाटायला माणसं पावसात उभी केल्यासारखं झालं हे." साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की मास्तर, तुम्ही कसे काय? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "त्याचं काय नाय. मला आताशा गाडी चालवता येत नाय, म्हणून आणलाय त्याला." मामा खोटं बोलले, आणि सवय नसल्यामुळे फारच वाईट बोलले, कारण बोलताना स्कूटरची किल्ली त्यांच्याच बोटात फिरत होती.

"साहेब, मत माझं आहे," मी म्हणालो. "मामांनी ते फक्त आणलं. मुलं मी आणणार नाही. मास्क घरोघर देऊ, मी स्वतः फिरतो."

साहेबांनी आपली कपबशी बाजूला सरकवली. मग चहा घ्या म्हणाले आणि आत निघून गेले. परतताना मामांनी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली. एका चौकात सिग्नलला थांबल्यावर मागे न बघता म्हणाले, "तुझ्या बापाला काय सांगू आता मी?"

दोन दिवसांनी मांडवाचे बांबू निघाले. मास्क घरोघर गेले, प्रत्येक पाकिटावर साहेबांचा हसरा फोटो होता, आणि मी इतर शिक्षकांबरोबर ते वाटत फिरलो. अण्णा म्हणाले, माणूस दूरदृष्टीचा आहे. मामांनी लगेच किल्ली आणली आणि ते मतही पोचवलं. पण तिकीट दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये माझ्याबरोबरच्या शिक्षकांच्या ऑर्डरी निघाल्या. माझी निघाली नाही. वडिलांनी फोनवर ऑर्डरचं विचारणं बंद केलं. आता फक्त पाऊसपाणी राहिलं. आणि मामा ओट्यावर बसू लागले, तेही नुसतेच. कोणी सरकारला नावं ठेवली तरी ते उठत नसत. गल्लीला हवं तसं बोलायची मोकळीक मिळाली, पण कोणाला त्यात पहिल्यासारखी मजा येईना.

दिवाळीनंतर साहेबांनी मला घरी बोलावलं आणि पाकीट हातात दिलं. मी उघडून वाचलं. ऑर्डर होती. मी आभार मानू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"गेल्या आठवड्यात दाजी आले होते," ते म्हणाले. "आत या म्हटलं, तर आले नाहीत. दारातच उभे राहिले. मी म्हटलं, बोला, आज काय चुकलं माझं? तर काहीच बोलेनात. दोनदा तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर आला नाही. पाणी मागितलं, प्यायले, येतो म्हणाले आणि गेले. एवढ्या वर्षांत त्या माणसानं मला काय काय ऐकवलं, मास्तर. पण गप्प उभं राहिलेलं मला बघवलं नाही."

मी घरी आलो तेव्हा मामा ओट्यावर सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले होते. मी पाया पडलो आणि कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा नव्हता, तरी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि वडिलांना आधी फोन कर म्हणाले. मग शेंगा सोलता सोलता, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "साहेब काय म्हणाले का?"

"काही नाही," मी म्हणालो. "सही केली आणि दिली."

मामांनी मान हलवली. त्यांचा चेहरा किती दिवसांनी असा निवांत झालेला मी पाहिला. त्यांनी सूप थोडं बाजूला सरकवलं, मला बसायला जागा केली, आणि आम्ही दोघे शेंगा सोलत बसलो.